मधलं नाव

१

लोणखेड्याच्या कॉलनीत भरदुपारी कोणी टेप घेऊन घर मोजायला लागलं, की समोरच्या खिडक्यांचे पडदे हलतात. इतरांच्या वेळी ममतानेही आपला पडदा हलवला होता, उगीच खोटं कशाला बोला. आज मात्र टेप तिच्याच अंगणात पसरली होती.

कॉलेजातले तास आटोपून ती नुकतीच स्कूटीवरून उतरत होती. ममता पाटील तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. म्हणजे शिकवायचं रोज आणि पगार यायचा तो कोणाला आठवण झाली तर. पर्समधला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. तिने नेहमीसारखा कापला आणि फाटक उघडलं.

"कोण हवंय? हे कसलं माप चाललंय?"

टेप धरलेला मजूर माप घेतच राहिला. दुसरा, इस्त्रीच्या शर्टातला, पुढे आला. "मी पवन. बँकेच्या वसुली विभागातून. लिलावाची जाहिरात द्यायच्या आधी घराची किंमत काढावी लागते, ताई."

"कोणाच्या घराची?" विचारलं आणि आपलाच प्रश्न तिला बावळट वाटला.

"हेमकांत चुडामण पाटील. तुमचे मिस्टर ना? आणि सहकर्जदार तुम्ही." पवनने आवाज मुद्दाम खाली आणला होता. समोरच्या पडद्यांना ऐकू जाऊ नये एवढा तो भला होता, आणि त्या भलेपणानेच ममताचे कान तापले. "हप्ते थकून बरेच महिने झाले. आधी सुरतेच्या पत्त्यावर मागणीची नोटीस गेली. मग श्रावणात कब्जाची नोटीस इथे, तुमच्या ओट्यावरच्या भिंतीला लावली."

"आमच्या भिंतीला कधीच काही लागलं नव्हतं."

पवनने मोबाइल पुढे धरला. फोटोत तिचाच ओटा होता. दाराच्या उजव्या हाताला, विजेच्या मीटरखाली, पांढरा कागद डकवलेला. त्याच्या कडेने पन्हाळीच्या गळक्या पाण्याचा तपकिरी ओघळ खाली उतरलेला. सगळं ओळखीचं, कागद सोडून.

त्या जागेवर आता एक बाज उभी करून ठेवली होती. पवनने ती सरकवली. मागे भिंत कोरी होती. फाटलेला कोपरा नाही, गोंदाचा डाग नाही, काही नाही.

"काढली कोणीतरी," पवन पुटपुटला. "पण चिकटवलेला कागद ओढला की निदान रंगाचा पोपडा तरी निघतो."

तेवढ्यात घरात स्टीलचा तांब्या जमिनीवर पडला आणि घरंगळत उंबऱ्यापर्यंत आला. ममताच्या सासूबाई, मंगलाबाई, दारात उभ्या होत्या. त्यांनी तांब्या उचलला नाही.

२

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर, वकील वत्सलाबाईंचं ऑफिस आहे. साठी उलटलेली बाई, मूळची सारंगखेड्याची. उलटतपासणीत तिच्यासमोर उभं राहण्यापेक्षा आरोप कबूल केलेला बरा, असं तालुक्यात म्हणतात. ममता जिना चढून आली तेव्हा बाई टेबलावर केळी खात होत्या.

"बस. रडायचं असेल तर आधी रडून घे, मग नीट सांग."

ममता रडली नाही. तिने सांगितलं. नवरा हेमकांत सुरतेला साड्यांच्या पेढीत हिशेब बघतो. घराचा हप्ता त्याच्या खात्यातून जातो, असं ती धरून चालली होती. काल रात्री फोनवर त्याने पहिल्यांदा कबूल केलं की पेढी गेल्या दिवाळीनंतर बंद पडली, दुसरीकडे निम्म्या पगारावर काम धरलं, आणि हप्ते भरले नाहीत. का सांगितलं नाही, तर म्हणाला, कोणत्या तोंडाने सांगू.

"हं. पुरुषांची तोंडं नेमकी अशा वेळी हरवतात," बाई म्हणाल्या. "आता ऐक. घर अजून गेलेलं नाही. लिलावाची जाहिरात येईपर्यंत बरंच करता येतं. थकलेले हप्ते, व्याज आणि बँकेचा खर्च भरून खातं पुन्हा चालू करा, असा अर्ज देता येतो. सोबत मुदत वाढवून हप्ता लहान करा म्हणायचं. बँक मानेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नाहीच मानणार."

"आणि एवढे पैसे नसतील तर?"

"तर एकदाच काय ती रक्कम देऊन तडजोड. तेही नसेल तर बँकेच्या संमतीने घर स्वतः विकायचं. लिलावात मातीमोल जाण्यापेक्षा चार लोकांत भाव करून विकलेलं बरं, कर्ज फिटून वर काही हातात उरतं. आणि बँकेने कायदा मोडून कब्जा घेतला असेल, तर वसुली न्यायाधिकरण आहे. तिथे दाद मागायला नोटीस लागल्यापासून दीड महिना मिळतो. त्यातले थोडेच दिवस उरलेत."

ममता खुर्चीच्या टोकावर आली. "हे म्हणतात तेच करा. नोटीस लागलीच नव्हती असं लिहून द्या."

"लागली नव्हती का?"

"भिंतीवर नाही ती."

"भिंतीवर नाही म्हणजे लागली नव्हती असं होत नाही, बाळा. त्यांच्याकडे फोटो आहे. उद्या तिथे आपण खोटे ठरलो, तर मग दुसरं कोणतंच दार तुम्हाला उघडणार नाही. आधी मला कळलं पाहिजे की कागद गेला कुठे." बाईंनी केळ्याची साल टोपलीत टाकली. "लावली त्या दिवशी घरात कोण होतं?"

"नागपंचमीनंतरचा शनिवार म्हणतात. मी तळोद्याला माहेरी होते. हे सुरतेला. घरी फक्त नाना आणि आई." सासऱ्यांना ती नाना म्हणायची. "एरवी त्या शनिवारी घरात पाय ठेवायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी कानबाई देवी बसते. पण नानांचे चुलतभाऊ, वाहरूकाका, होळीला वारले. भाऊबंदांत कोणी गेलं की आमच्या घराण्यात वर्षभर कानबाई बसत नाही. म्हणून तर मी माहेरी गेले."

"आणि तुझा संशय कोणावर?"

ममता घुटमळली. "शेजारचे रिषभभाऊ. पाइप-मोटारींचं दुकान आहे त्यांचं. दोनदा यांना म्हणाले, घराचं काही करायचं असेल तर आधी मला सांगा. त्यांना कसं कळलं? नोटीस त्यांनीच काढली असेल तर मुदत निघून जाईल, आणि लिलावात घर स्वस्तात..."

तिचा फोन वाजला. पलीकडे कॉलनीतली कोणीतरी होती, आणि धापा टाकत होती. हेमकांत सुरतेहून आला होता. घरी न जाता थेट रिषभच्या दुकानात शिरला होता, आणि त्याने भररस्त्यात रिषभची कॉलर धरली होती.

३

"आमनं घर गियाले निंघना का रे? नोटीस तूच काढी लिधी ना?"

रागाने अहिराणीवर आलेल्या हेमकांतचा आवाज चौकापर्यंत जात होता. ममता वत्सलाबाईंना स्कूटीवर मागे बसवून पोचली तेव्हा चहाच्या गाडीवरचे लोक ग्लास हातात धरून बघत उभे होते. नवरा शांत स्वभावाचा, कधी रिक्षावाल्याशी भाव न करणारा. आज त्याच्या शर्टाची गुंडी तुटली होती आणि तोंडाला फेस आला होता. रिषभ पाइपांच्या ढिगाला पाठ लावून उभा होता. तो ना कॉलर सोडवत होता, ना उत्तर देत होता.

जे घरात कोणाला ठाऊक नव्हतं ते आता आख्ख्या चौकाला हेमकांतनेच ओरडून सांगितलं होतं. ममताला त्या क्षणी नवऱ्याचा राग आला, त्याची कीव आली, आणि आपण याच्या कोणी नसतो तर बरं झालं असतं असंही वाटलं. त्या शेवटच्या विचाराची तिला लगेच लाज वाटली.

"हेमकांत, हात काढ," वत्सलाबाई म्हणाल्या. "चोर कोण ते अजून मला ठरवायचंय. तू घरी जा, चहा पी."

मग बाईंनी एकेकाला गाठलं. ममता बरोबर होती.

रिषभ कॉलर नीट करत गल्ल्यामागे बसला. "नोटीस मी पेपरात वाचली, मॅडम. कब्जाची नोटीस पेपरात छापतात ना. कॉलनीत बऱ्याच जणांनी वाचली."

ममताला एकेक आठवत गेलं. म्हणजे स्टाफरूममध्ये ती आली की विषय बदलायचा तो यासाठी. भाजीवाली गेला महिनाभर जास्तीची कोथिंबीर टाकायची तीही यासाठीच असेल.

"मग मला का नाही बोललात?" ती म्हणाली.

"भाभी, तुम्हाला कसं बोलणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं." रिषभने नजर वर केली नाही. "हेमकांतभाऊला फोनवर आडून आडून विचारलं मी. त्यांनी फोन आपटला."

दुकानाच्या आत, घराला लागून असलेल्या खोलीत, रिषभची आई कंकुबाई मूग निवडत होती. मारवाडातून लग्न होऊन आलेली. आता चाळीसेक वर्षं इथे काढून तिची भाषा सगळ्या भाषांची खिचडी झाली होती. वत्सलाबाई तिच्यापाशी जमिनीवरच बसल्या आणि दोन मूठ मूग निवडायला घेतले.

"शनिवारी? हां, मी गच्चीवर पापड घालत होते. बँकवाला आला, चिपकवून गेला. मग मंगलाबाई बाहेर आल्या. लई वेळ तिथे उभ्या होत्या बिचाऱ्या."

"कागद काढला त्यांनी?"

"नहीं तो. मी थोडी देर से परत बघितलं, तर त्या दिवाल रंगवत होत्या. मी वरून विचारलं, बेन, धूप में काय करता? म्हणाल्या, कानबाई येनार ना, म्हणून. मी बोलले, अच्छा है, देवी का काम है." कंकुबाईने सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "आप लोगों में कानबाईला घर रंगवतात ना?"

"रंगवतात," वत्सलाबाई म्हणाल्या. ममताचा हात मुगावरच थांबला होता.

घरी नाना, म्हणजे चुडामण पाटील, खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांना दोनच कामं होती, पेपर वाचणं आणि पेपरात छापलेल्यांना शिव्या देणं. दोन वर्षांपूर्वी वाताचा झटका आल्यापासून उजवा हात छातीच्या वर जात नव्हता.

"माले काय इचारतस?" ते भिंतीकडे बघत म्हणाले. "मन्हा डोया काम करतस नही. पेपरबी बंद कया मी."

"केव्हा बंद केला, नाना?"

"व्हई गयात दिवस." आणि ते उठून आत गेले. जाताना त्यांनी चष्मा न चुकता खिशात ठेवला.

मंगलाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. वत्सलाबाईंनी काहीच विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, "बैन, चहा लई गोड शे." मंगलाबाईंनी दोनदा साखर टाकली होती.

बाई कप घेऊन ओट्यावर आल्या. बाज सरकवून त्यांनी चष्मा लावला आणि भिंतीशी नाक टेकवलं. बराच वेळ तशाच होत्या. मग ममताकडे वळून म्हणाल्या, "सगळ्यांना इथे बोलव. रिषभला आणि त्याच्या आईलाही. ज्याला चौकात चोर म्हटलं त्याच्यासमोरच बोलायला हवं."

४

ओट्यावर सगळे जमले. हेमकांत पायरीवर डोकं धरून बसला. नाना दाराच्या चौकटीला टेकले. मंगलाबाई त्यांच्या मागे, पदर दाताखाली धरून. रिषभ आईला घेऊन फाटकाशीच थांबला, आत यायला तयार नव्हता.

"हा ओघळ बघा," वत्सलाबाईंनी भिंतीवर बोट ठेवलं. "पन्हाळ गळते, त्याचा आहे. वर आहे. खाली, पायाजवळही आहे. मधे हातभर जागेत नाही. पाणी काय उडी मारून खाली गेलं?"

रिषभने फाटकावरून मान लांब केली.

"ममताने बघितलेल्या फोटोत तो सलग आहे. म्हणजे मधल्या जागेवर नंतर रंग बसला. जुन्या डब्यातला, याच घराचा. उन्हात लगेच कळला असता, म्हणून पुढ्यात बाज उभी केली." बाईंनी अंबाड्यातली पिन काढली आणि रंगाच्या कडेला अलगद खरवडलं. पोपडा निघाला. त्याखाली पांढऱ्या कागदाची कड दिसली, आणि छापील अक्षराचं काळं शेपूट. "नोटीस कुठेच गेलेली नाही. आपल्या जागेवरच आहे."

हेमकांतने मान वर केली.

"आता माझी अडचण बघा. कागद नाहीसा करायचा तर माणूस काय करतो? फाडतो. एका झटक्याचं काम. या माणसाने मात्र डबा शोधला, रंग कालवला, उन्हात उभं राहून थरावर थर दिले. एवढी यातायात कशासाठी, तर कागद फाडावा लागू नये म्हणून. रिषभला फाडायला काय झालं होतं? त्याला घर हवं असतं तर कागद खिशात घालून गेला असता, आणि दुसऱ्याच्या ओट्यावर भरदिवसा रंगकाम करायची त्याची काय बिशाद. हेमकांत सुरतेला होता, ममता तळोद्याला. नानांचा हात इथवर पोचत नाही."

ममताने सासूकडे बघितलं नाही. बघायचं धाडसच झालं नाही. मुगाच्या सुपापाशीच तिला कळलं होतं आणि तेव्हापासून ती मनातल्या मनात दुसरं कोणीतरी शोधत होती.

"रंगवणाऱ्याला शेजारणीने हटकलं," बाई पुढे म्हणाल्या. "तेव्हा तोंडातून जे कारण निघालं ते पन्नास वर्षांच्या सवयीचं होतं. कानबाई येणार म्हणून रंगवतेय. कंकुबाईंना ते पटलं. त्यांना काय ठाऊक, या घरात यंदा कानबाई बसणारच नव्हती. हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, आणि घाबरल्यावर नेमकं तेच विसरलं गेलं."

नाना हळूच बाजूला झाले. मागे मंगलाबाई एकट्याच उभ्या राहिल्या.

"राहिला एकच प्रश्न. फाडला का नाही?" वत्सलाबाईंचा आवाज आता वकिलाचा राहिला नव्हता. "हेमकांत, तुझं पूर्ण नाव सांग."

"हेमकांत चुडामण पाटील."

"कागदावर मोठ्या ठशात हेच आहे. यातलं मधलं नाव या घरात फक्त एकच माणूस कधी घेत नाही."

मंगलाबाईंनी पदर सोडला. त्या रडत नव्हत्या. ओरडत होत्या असंही नाही. स्वयंपाकात काही करपलं तर सांगाव्यात तशा सांगायला लागल्या.

"मी चौथी शिकेल शे. नाव वाचता येस माले. जप्ती समजनी. फाडाले गऊ, पन त्यासनं नाव देखं अन् हात थांबना. जे नाव आखा जनममा तोंडमा लिधं नही, ते हातमा धरीसन फाडू कशी? म्हनीन झाकी टाकं." त्यांनी हेमकांतकडे बघितलं. "माले वाटनं, तुले माहीत नसी. तुले कळनं तं तू जीवनं काही करी लेशी. कोणले सांगू मी? बोलाले लाज वाटनी."

"माय, माले माहीत व्हतं," हेमकांत म्हणाला.

"मालेबी," नाना म्हणाले. सगळे वळले. "पेपरमा वाचं मी. म्हनीन पेपर बंद कया. तुमना हातमा पडाले नको." एरवी घरभर दरडावणारा माणूस आज भिंतीला बोलत होता.

राहिली ममता. सगळ्यांनी आपापलं उघडं केलं आणि तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं, कारण सून बिचारी एकटीच अंधारात होती अशी सगळ्यांची समजूत. गप्प बसली असती तर समजूत तशीच राहिली असती. तिला ते सहन झालं नाही.

"मला बँकेचे फोन यायचे," ती म्हणाली. "एकदा उचलला होता. बाई म्हणाली, हप्त्याबद्दल बोलायचंय. मी राँग नंबर म्हणून ठेवला. मग कधी उचललाच नाही. यांना विचारलं असतं तर यांना खरं सांगावं लागलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं."

कंकुबाईने फाटकाशी डोळे पुसले. चार माणसं एका छपराखाली, एकाच कर्जाखाली, आणि प्रत्येकाने दुसऱ्याला वाचवायचं म्हणून त्याच्यापासूनच लपवलं होतं.

हेमकांत उठला. त्याचा चेहरा विचित्र दिसत होता, भूक लागलेल्या माणसाचा असतो तसा. "वकीलबाई, कागद आत आहे हे आपल्यालाच ठाऊक. वरून भिंत कोरी आहे. न्यायाधिकरणात तेवढंच सांगू. मुदत तरी मिळेल. तुम्ही लिहा, आम्ही सही करतो."

वत्सलाबाईंनी पिन परत अंबाड्यात खोचली. "माझं उत्तर तुला माहीत आहे. पण दुसरा वकील मिळेल तुला. सही दोघांची लागेल मात्र."

सगळ्यांनी ममताकडे बघितलं.

"मी करणार नाही," ती म्हणाली.

"घर जाई, ममता!" हेमकांत ओरडला.

"जाईल तर जाईल. आईंनी लाजेपोटी एक थर दिला. आपण त्यावर दुसरा द्यायचा का?" बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. "उद्या बँकेत जाऊ. काय मागायचं ते मागू. मला आता कोणाकडे बघून कान तापवून घ्यायचे नाहीत."

वत्सलाबाई पायऱ्या उतरल्या. फाटकापाशी थांबून म्हणाल्या, "रिकाम्या हाताने अर्ज चालत नाही. थकबाकीतलं काहीतरी पुढ्यात ठेवावं लागेल, तेही दोन-तीन दिवसांत. कोणाकडे मागता येईल, विचार करा."

रिषभ तोवर निघून गेला होता.

५

मागता येईल असं माणूस एकच होतं, आणि त्याची कॉलर सकाळीच धरून झाली होती.

चौघं गेले. हेमकांत म्हणत होता, मी एकटा जातो. मंगलाबाई म्हणाल्या, अपराध सगळ्यांचा तर सगळेच जाऊ. दिवेलागणीला शेजारच्या दारात असे ओळीने उभे राहिले, की कंकुबाईला वाटलं कोणी गेलंबिलं.

हेमकांतने बोलायचं पाठ करून आणलं होतं. "रिषभभाऊ, सकाळी मी..." यापुढचं त्याला आठवलं नाही. तो वाकला आणि रिषभच्या पायाला हात लावायला गेला. रिषभपेक्षा तो पाच-सहा वर्षांनी मोठा होता.

"अरे, अरे!" रिषभ मागे सरकला. त्याने चौघांना बसवलं, पाणी मागवलं, आणि स्वतः उभाच राहिला. "माझंपण ऐका आधी. मी काही देवमाणूस नाही. पेपरात वाचलं ना, त्या दिवशी पहिला विचार हाच आला की लिलावात हे घर मला स्वस्तात पडेल. भिंत पाडून दुकान मोठं करता येईल. रात्री जेवताना आई म्हणाली, मंगलाबेनने तुझ्या तापात तीन रात्री उशाशी काढल्यात. मला घास गिळेना. म्हणून हेमकांतभाऊला फोन केला. पण सरळ बोलायला जीभ रेटली नाही. मदत करतो म्हणालो असतो तर तुम्हाला लाज, घेतो म्हणालो असतो तर मला."

कंकुबाईने पाण्याचे ग्लास पुढे सरकवले. मग धंद्याचं बोलणं निघालं, आणि त्याने सगळ्यांनाच हायसं वाटलं. रिषभला ठिबकच्या सामानासाठी जागा हवी होती. पाटलांची पुढची खोली आणि ओटा तो भाड्याने घेईल, वर्षाचं भाडं आगाऊ देईल. मंगलाबाईंनी हातातल्या पाटल्या काढून समोर ठेवल्या; त्या बँकेत ठेवून उरलेलं जमेल. नाना म्हणाले, आता आपण मागच्या दाराने जाऊ-येऊ, त्यात काय मोठं. खरं तर त्या ओट्यावर बसून त्यांनी कारखान्याच्या प्रत्येक चेअरमनला शिव्या दिल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी ममता आणि हेमकांत शाखेत गेले. वत्सलाबाई बरोबर होत्या. हॉलमध्ये रांग होती, अर्ध्या रांगेला ममता ओळखत होती. पवनच्या टेबलाशी तिने दबक्या आवाजात सुरुवात केली, मग मुद्दाम आवाज नीट केला. "आमच्या घराचे हप्ते थकलेत. खातं पुन्हा चालू करून मिळावं म्हणून आलोय. थकबाकीचा मोठा भाग आज भरतो. उरलेल्याची मुदत वाढवून द्या. आणि नोटीस लागली होती. आमच्याच घरात ती झाकली गेली."

पवनने कागद वाचले. आत साहेबांकडे गेला. बऱ्याच वेळाने आला. "साहेबांनी वर शिफारस पाठवायचं मान्य केलंय. मंजुरी येईपर्यंत जाहिरात थांबेल. पुढचा एकही हप्ता चुकला तर मात्र कोणी काही करू शकणार नाही."

"चुकणार नाही," हेमकांत म्हणाला.

"एक सांगू?" पवन खुर्चीत मागे टेकला. "मागणीची नोटीस गेली तेव्हाच आला असतात, तर कब्जापर्यंत गोष्ट आलीच नसती. पुढची खोलीपण द्यावी लागली नसती. मी स्वतः किती फोन केले."

ममताने मान खाली घातली. घर वाचत होतं. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि तिला फक्त लाज वाटत होती, आधीच्यापेक्षा वेगळी. आधीची लाज लोकांची होती. ही तिची स्वतःची होती, आणि हिच्यापासून लपायला जागा नव्हती.

बाहेर पायरीवर रुपा भेटली. कॉलेजातली ग्रंथपाल, कायमच्या पगारावरची, नवरा ठेकेदार, शहाद्यात दोन मजली बंगला. हिच्यासमोर ममता नेहमी साडीची घडी नीट करायची.

"काय गं, इकडे बँकेत?" रुपाने विचारलं.

पासबुक भरायला, हे उत्तर ममताच्या ओठांवर आयतंच तयार होतं.

"घराचे हप्ते थकले होते," ती म्हणाली. "कब्जाची नोटीस लागली होती. तुम्ही पेपरात वाचलंच असेल."

रुपाने वळून रांगेकडे बघितलं, दारातल्या शिपायाकडे बघितलं. मग ममताचा दंड धरून तिला सायकल स्टँडच्या आडोशाला नेलं.

"कोणाला बोलू नकोस हं," ती कुजबुजली. "आमचेही थकलेत. सहा महिने झाले. यांनी मला काही सांगितलेलं नाही, मला यांच्या खिशात कागद सापडला. ममता, आधी कुठे जायचं असतं गं?"